मुरायला ठेवलेलं पाणी

ते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा साइटवरचे बूट न काढता सरळ माशांच्या टाकीपाशी गेले, वाकले आणि पाण्याचा वास घेतला. बायको हातात सरबताचा ग्लास घेऊन उभी होती. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, मासे भुकेनं नाही मेले. स्वतःच्या मुतात मेले."

मुलगी तेव्हा दुसरीत होती. दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातून हौसेनं आणलेले सोनेरी मासे आठवडाभरात एकेक करून उलटे तरंगले होते आणि पोरीनं घर डोक्यावर घेतलं होतं. ऑफिसात डबा खाताना मी हे सहज बोललो, तर त्याच संध्याकाळी हे दारात. मी बोलावलं नव्हतं. अल अझीझियात आमची बिल्डिंग कुठली हेसुद्धा मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं.

ऑफिसात त्यांना 'मिस्टर नॉट येट' म्हणायचे. वर्ल्डकप तोंडावर आला होता. दोह्यातला रस्ता न् रस्ता उकरून ठेवलेला, प्रत्येक मीटिंग 'यल्ला, यल्ला'च्या घाईनं सुरू व्हायची आणि 'खलास'नं संपायची. आमच्या कंपनीकडे ड्रेनेजची कामं होती, काही रस्ते होते, कामगारांसाठी एक नवा कॅम्पही बांधायला घेतला होता. सगळ्यांना सगळं काल संपवून हवं होतं. आणि क्वालिटीत, म्हणजे कामाची तपासणी करून सही द्यायला, बसवलेला होता हा सोलापूरचा, साठीकडे झुकलेला माणूस. समोर कागद आला की तो आधी पेनाला टोपण लावायचा आणि म्हणायचा, "इतक्यात नाही."

एसीच्या थंडीत ते विणलेला, कोपरावर विरलेला स्वेटर घालून बसत. प्यायचं पाणी ग्लासात ओतून आधी खिडकीकडे धरून बघत, मग पीत. खणात शेंगाच्या चटणीची बरणी असायची, तिच्यातली चिमूटभरही त्यांनी कधी कोणाला दिली नाही. स्तुती त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकली नाही. एखादं काम अगदी बिनचूक झालं तर "चालेल" म्हणत, तेही पडेल आवाजात, जणू हरल्यासारखं.

तर त्यांनी आमची टाकी रिकामी केली, वाळू धुतली, पुन्हा पाणी भरलं, त्यात क्लोरीन मारायचं औषध टाकलं, फिल्टर लावला. मग मुलीला म्हणाले, "आता ह्यात रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं."

"बट देअर इज नो फिश!"

"मला इंग्रजी येत नाही," ते म्हणाले. दिवसभर इंग्रजीत रिपोर्ट लिहिणारा माणूस.

मुलीनं आमच्याकडे पाहिलं, मग अडखळत म्हणाली, "पण मासे नाहीत."

"म्हणूनच टाकायचं. खाणं सडलं की अमोनिया होतो. तो खाणारे जंतू ह्या फिल्टरच्या स्पंजात घर करतात. त्यांच्यातून जे निघतं तेही विषच. ते खायला मग दुसरे जंतू येतात. दोघांचा संसार बसला की मासे आणायचे. तोवर पाणी मुरू द्यायचं, लोणच्यासारखं."

"किती दिवस लागतील, काका?" बायकोनं विचारलं.

"ते पाणी सांगेल."

एक नियम मात्र त्यांनी तिघांनाही वेगवेगळं समोर उभं करून सांगितला आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतला. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. नळाचं पाणी त्या जंतूंना विष. अगदीच घाण झाला तर टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळायचा. मुलगी हे परवचा म्हटल्यासारखं म्हणायची.

तेव्हापासून ते दिवसाआड यायला लागले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत काचेच्या नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचं आणि ट्यूबलाइटखाली पांढरा कागद धरून रंग बघायचा. पिवळा आला तर अमोनिया संपला, हिरवा आला तर आहे. रंग ओळखायचं काम मुलीचं. "हिरवा! अजून हिरवा!" असं ती ओरडायची आणि स्वयंपाकघरातून बायको मला खुणावायची की बघ, मराठी बोलतेय. जे आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते ह्या माणसानं 'मला इंग्रजी येत नाही' एवढ्या एका थापेवर करून दाखवलं.

पहिल्या दोन-तीन खेपांना "नको ओ वहिनी, डबा आहे घरी" म्हणाले. नंतर ते म्हणायचंही सोडलं. ताटावर बसले की तोंडाचा पट्टा सुरू. "तुमच्या नाशिकला आमटीत गूळ घालतात का गुळात आमटी?" किंवा, "पोळी छान आहे, पण हिला भाकरी म्हणायचं का कापड?" बायको आत जाऊन दात-ओठ खायची. पण वाटी मात्र तिसऱ्यांदा पुढे यायची. जेवण झालं की कितीही नको म्हटलं तरी स्वतःचं ताट स्वतः घासून ओट्यावर पालथं घालायचे.

घरच्यांविषयी ते बोलत नसत. पुण्याला कोथरूडमध्ये बायको आणि मुलगा असतात, फ्लॅट आहे, एवढं ऑफिसातून माहीत होतं. एकदाच, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "गेल्या सुटीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी चहा देताना बायकोनं विचारलं, परत कधी निघायचंय? वाईट मनानं नाही ओ विचारलं. तिला पाहुण्यांच्या चादरी धुवायच्या होत्या." आणि हसले. आम्ही हसलो नाही.

आठवडे जात राहिले. पाण्याचा रंग पिवळ्यावर यायचा, मुलगी उड्या मारायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा हिरवा. ते नळी डोळ्यांपुढे धरून म्हणायचे, "इतक्यात नाही."

दोह्यातच, मदिनत खलिफात, आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब होतं. नवरा आमच्याच कंपनीत, प्लॅनिंगमध्ये. त्यांच्याकडेही ह्यांनीच टाकी बसवून दिली होती. दोह्यात अशा बऱ्याच मराठी घरांत त्यांची टाकी होती. बायकोनं तिथल्या वहिनींना फोन करून विचारलं, तर त्या हसत सुटल्या. "अगं, आमची तर उन्हाळा संपेपर्यंत मुरत होती! जेवून जेवून जायचे. मासे सोडले आणि सुटलो बाई."

मग एका संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधीच ते आले. मुलगी खाली खेळायला गेली होती. बायको कणीक मळत होती. बाथरूममध्ये बराच वेळ पाणी वाहतंय म्हणून तिनं डोकावलं. गीझरच्या गरम पाण्याच्या धारेखाली ते आमच्या टाकीचा स्पंज धरून पिळत होते. पिळत होते, उलटा करत होते, पुन्हा पिळत होते. ती तशीच मागे फिरली. मी आल्यावर त्यांनी नेहमीसारखी नळी हलवली, मुलीला रंग विचारला, पोटभर जेवले आणि गेले. दार लागल्यावर बायको म्हणाली, "मला वाटतच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय."

माझा विश्वास बसेना. कंपनीतला एकमेव माणूस, जो खोटी सही देत नाही म्हणून सगळे वैतागलेले, तो पोरीच्या टाकीत असलं काही करेल?

पुढच्या खेपेला तिनं त्यांना ताट वाढलं, आमटी वाढली, आणि मग समोर बसून म्हणाली, "काका, परवा तुम्ही स्पंज गरम पाण्यानं धुतलात."

त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला. "हो."

"पहिल्यांदाच?"

"नाही. दर वेळी, पाणी होत आलं की."

"का पण?"

"टाकी झाली असती की ओ."

"व्हायलाच हवी ना!"

"आणि झाल्यावर मला कशाला बोलावलं असतं?"

"हे काय बोलणं, काका? नुसते जेवायला आला असतात तर नाही म्हटलं असतं का आम्ही?"

"मदिनत खलिफावालेपण हेच म्हणाले होते," ते म्हणाले. "मासे सोडल्यावर एकदा गेलो होतो त्यांच्याकडं, असाच. दारातच विचारलं, काय काम काढलं? इथं कामाशिवाय कोण कोणाच्या घरी जातं, वहिनी? तुम्ही गेलाय का कोणाकडं?"

बायकोचा राग ओसरला नव्हता. "आणि ही पोर? शाळेतून आली की दप्तर टाकून त्या टाकीकडे पळते. रोज. तिचं काय?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मुलीकडे पाहिलं. ती पोळीचा तुकडा हातात धरून बसली होती. तिनं विचारलं, मराठीतच विचारलं, "मग ते जंतू सगळे मेले?"

"हो," ते म्हणाले. "मीच मारले."

उठले, ताट घासलं, पालथं घातलं. नळ्यांची पिशवी टाकीशेजारी ठेवली आणि गेले.

बायकोला ते फार लागलं. संतापली होती, आणि त्याहून जास्त दुखावली होती. मदिनत खलिफाच्या वहिनींना तिनं सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं असं ती नंतर म्हणाली, पण फोनवर रडू आल्यावर माणूस काय काय थांबवणार? दोनच दिवसांत गोष्ट सगळ्या मराठी घरांत पोचली. मग प्रत्येकाला आपापली टाकी आठवली. दिवाळीच्या कार्यक्रमात पुरुषमंडळी चिवडा खात एकमेकांना विचारत होती, "काय, तुमच्याकडे किती महिने मुरलं?" आणि हसून हसून बेजार. मासे सोडल्यानंतर ह्यांना एकदा तरी कोणी जेवायला बोलावलं होतं का, हे मी तिथे विचारलं. कोणाला ऐकू गेलं नाही. चिवडा कुरकुरीत होता.

आमची टाकी आपोआप मुरली. तिला हात लावणारं कोणी नव्हतं. मुलीनं स्वतः नळ्या हलवून रंग पाहिले आणि आम्ही छोटे गप्पी मासे आणून सोडले. बायकोनं त्यांना फोन केला, आमच्याकडे या म्हणाली. "इन्शाल्ला, बघू," ते म्हणाले. आखातात ह्याचा अर्थ काय होतो ते तिला एव्हाना कळत होतं. ते आले नाहीत.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलोही नसतो.

नवा कॅम्प तयार होत आला होता. जुन्या कॅम्पची जागा सोडायची होती आणि वरून रोज विचारणा होत होती की माणसं हलवली का. कॅम्पच्या पिण्याच्या पाण्याची टाकी धुऊन, औषध टाकून, नमुना लॅबला दिला होता. पहिला नमुना नापास झाला. दुसऱ्याचा निकाल यायचा होता. मॅनेजरनं मीटिंगमध्ये कागद पुढे सरकवला. ह्यांनी पेनाला टोपण लावलं.

"रिपोर्ट आने दो."

मॅनेजर मागे रेलला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "सुना है ये आप लोगों के घर में मछली का पानी भी तैयार नहीं होने देते?"

खोलीत खसखस पिकली. मदिनत खलिफातले ते प्लॅनिंगवाले खाली मान घालून हसत होते, म्हणजे गोष्ट कोणी पोचवली ते कळलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, "सर, वो अलग बात है."

"अलग कैसे? आप ही के घर की बात है ना? सच है कि झूठ?"

खरंच होती. मी काय सांगणार? खरी गोष्ट एकाच्या घरातून निघाली आणि दुसऱ्याच्या हातात पोचेपर्यंत तिचा सुरा झाला. त्या दिवसापासून त्यांच्या 'इतक्यात नाही'ला कोणी विचारेना. ह्या म्हाताऱ्याला कामं लांबवायची खोड आहे, घरी जायचं नसतं त्याला, असं उघड बोलू लागले. आणि त्यातलं दुसरं वाक्यही खोटं नव्हतं, हेच तर वाईट.

सही दुसऱ्या कोणाकडून घेतली. माणसं हलवली.

पुढच्या शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, ते टॅक्सी करून कॅम्पवर गेले. मेसच्या रांगेपाशी उभं राहून एकेकाला सांगत सुटले, "पानी उबाल के पियो. ये पानी अभी अच्छा नहीं है." नेपाळी पोरं, बिहारची, बांगलादेशची. कोणी ऐकलं, कोणी हसलं. काहींनी सुपरवायझरला बाटलीबंद पाणी मागितलं. रविवारी सकाळी ह्यांना एचआरमध्ये बोलावलं. कामगारांना भडकावलं, हे कारण. नोकरी संपली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅम्पवर पोटं बिघडायला लागली. बस भरभरून दवाखान्यात नेत होते. ऑफिसात ठरलं की मेसचं जेवण खराब होतं. आचारी बदलला. टाकी गुपचूप धुतली. दुसऱ्या नमुन्याचं काय झालं हे मी विचारलं, तर मला सांगण्यात आलं की तो विषय क्वालिटीचा आहे, आणि क्वालिटीला आता नवीन माणूस येतोय.

ते जाणार त्या दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. कंपनीचा फ्लॅट, आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे. मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. एक पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. दोह्यातल्या घराघरांत टाक्या बसवणाऱ्या ह्या माणसाकडे स्वतःची टाकी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडं कोण येणार ओ पाणी तपासायला?"

कॅम्पवर माणसं आजारी पडली हे मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, निदान आता तरी चिडतील, मॅनेजरला शिव्या देतील. ते बॅगेची चेन ओढत होते. म्हणाले, "मी स्पंज धुतला नसता, तर ऐकलं असतं त्यांनी?"

"नसतं ऐकलं," मी म्हणालो.

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"नाही. खरंच नसतं ऐकलं. मॅनेजरनं दुसरं काहीतरी शोधलं असतं."

"असेल," ते म्हणाले. "पण मी त्याला शोधायला लावलं नाही. आयतं हातात दिलं."

विमानतळापर्यंत येतो म्हटलं तर नको म्हणाले. कंपनीची गाडी आली. ड्रायव्हरशेजारी बसले आणि काच वर केली. निरोप द्यायला ऑफिसातलं दुसरं कोणी आलं नव्हतं. ज्या घरांत त्यांनी टाक्या बसवल्या त्यातलंही कोणी नव्हतं. आमची मुलगी शाळेत होती. संध्याकाळी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ही डिडन्ट से बाय." मराठीत म्हण, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला थोडी सुटी मिळाली. पुण्याला चुलतभावाचं लग्न होतं. बायको म्हणाली, "काकांकडे जाऊन या. मी बोलले ते मनात ठेवू नका म्हणावं." ऑफिसातल्या क्लार्ककडून पत्ता मिळवला आणि खजुराचा डबा घेऊन कोथरूडला गेलो.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. शांत, नीटनेटक्या बाई. मी म्हणालो, "मी कतारहून आलोय. त्यांच्याच ऑफिसात होतो."

"या ना, या," म्हणून त्यांनी आत घेतलं, पंखा लावला. मला वाटलं, आतल्या खोलीतून आता ते येतील आणि काहीतरी खवचट बोलतील. चहा आला. एकच कप. दिवाणावरची चादर ताणून बसवलेली होती, तिला एक सुरकुती नव्हती.

"कसे आहेत ते?" बाईंनी विचारलं. "रविवारी मेसेज येतो, बरा आहे म्हणून. बँकेतही वेळेवर येतं सगळं. पण बोलत असे नाहीतच कधी. तब्येत बरी आहे ना?"

माझा कप अर्ध्यावर थांबला. त्यांना दोहा सोडून पाच-सहा महिने झाले होते. मुंबईचं तिकीट मी स्वतः बघितलं होतं.

"बरी आहे," मी म्हणालो.

"जेवणाचं काय करतात, देव जाणे. बाहेरचं त्यांना चालत नाही." त्यांनी खजुराचा डबा उचलून नीट फडताळात ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "ह्या वर्षी येतील असं वाटलं होतं. पण वर्ल्डकप होईपर्यंत तिकडे कोणालाच सुटी नाही म्हणाले."

मग साधेपणानं त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशी मिळाली?"